ताण (मानसशास्त्र)

ताण : समोर आलेली मागणी आपल्या आवाक्याबाहेरची आहे असे वाटू लागले की शरीरात, मनात आणि वागण्यात जे बदल होतात, त्यांना मानसशास्त्रात ताण म्हणतात. मुंबईत याला सरसकट ‘टेन्शन’ म्हणतात. मराठीने या शब्दाला जोडलेली क्रियापदे लक्ष देण्याजोगी आहेत : टेन्शन येते, कोणीतरी ते देते आणि आपण ते घेतोही. ताणाचा अभ्यासही साधारण याच वाटेने गेला. येणाऱ्या ताणाने शरीराचे काय होते हे आधी पाहिले गेले, ‘घेण्याकडे’ लक्ष नंतर वळले.

धोका दिसताच शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते, हे अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मांडले. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन हे संप्रेरक (हार्मोन) स्रवते, छातीत धडधडते, तोंडाला कोरड पडते. १९३६ मध्ये माँट्रियल येथे काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांचे छोटे टिपण ‘नेचर’ या नियतकालिकात आले. उंदरांना थंडीत ठेवा, इजा करा किंवा विषारी द्रव्य टोचा, परिणाम तेच दिसत होते : अधिवृक्क ग्रंथी वाढलेल्या, रोगप्रतिकाराशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. यावरून त्यांनी धोक्याची जाणीव, प्रतिकार आणि शक्तिक्षय असे तीन टप्पे सांगितले. तिसरा टप्पा महत्त्वाचा. ताणात अधिवृक्क ग्रंथींतूनच स्रवणारे कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक थोडा वेळ वाढले तर उपयोगीच पडते. महिनोन्‌महिने वाढलेले राहिले तर झोप, रक्तदाब, स्मरण आणि रोगप्रतिकारशक्ती यांवर त्याचा परिणाम होतो.

एकाच प्रसंगाचा दोघांना सारखा ताण का येत नाही, याचे उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस यांनी शोधले. सुझन फोकमन यांच्यासह १९८४ मध्ये त्यांनी केलेली मांडणी आजही शिकवली जाते. माणूस दोन गोष्टी जोखतो : यात माझे काही बिघडणार आहे का, आणि बिघडणार असेल तर माझ्या हातात काय आहे? या सिद्धान्ताचा सोयीस्कर अर्थ काढून ‘टेन्शन घेऊ नकोस’ असे सांगणे मात्र अन्यायाचे आहे. ज्याच्या हातात खरोखरच काही नाही, त्याला विचार बदलायला सांगून भागत नाही.

हाताशी काही असणे म्हणजे काय, हे लोकलच्या प्रवासात फार स्पष्ट दिसते. ऐन गर्दीच्या वेळी मुंबईच्या लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात. डोंबिवलीहून ठाण्याकडे जाणारी एखादी बाई आधी उलट दिशेने कल्याणला जाते, तिथून परत फिरणाऱ्या त्याच गाडीत खिडकी धरून बसते आणि डोंबिवलीवरूनच पुढे जाते. याला ‘रिटर्न येणे’ म्हणतात. त्यात वेळ जास्त जातो, पासही कल्याणपर्यंतचा काढावा लागतो. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. पण १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये स्टॉकहोमला रोज आगगाडीने येणाऱ्यांची तपासणी झाली, तेव्हा पहिल्या स्टेशनवर चढणाऱ्यांच्या लघवीत ॲड्रेनलिन कमी आढळले आणि मधल्या स्टेशनवर चढणाऱ्यांच्या लघवीत जास्त. पहिल्यांचा प्रवास तर कितीतरी लांबचा होता! फरक इतकाच की जागा कुठली घ्यायची, सोबत कोण बसणार, हे त्यांना ठरवता येत होते.

दाटी (जागेच्या मानाने माणसे किती) आणि गर्दी वाटणे (त्या दाटीचा मनाला होणारा जाच) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद मानसशास्त्रज्ञ डॅनियल स्टोकोल्स यांनी १९७२ मध्ये केला. लालबागच्या गणपतीच्या रांगेत तासन्‌तास खेटून उभा राहणारा माणूस रेल्वेच्या पुलावर पाच मिनिटांत कासावीस होतो, ते यामुळेच.

प्रेरणेशी ताणाचे नाते सरळ नाही. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांवरून पुढे असा नियम रूढ झाला की थोड्या ताणाने काम सुधारते, फार झाला की बिघडते. आणि काम जितके अवघड, तितका कमी ताण पुरतो. दहावीच्या मुलाला गणिताच्या पेपरआधी धाक घालणाऱ्या पालकांनी यातला दुसरा भाग तरी जरूर वाचावा.

मदतीसाठी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवाही मुंबईतूनच चालते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, असे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ सांगतो. शिक्षेऐवजी काळजीची जबाबदारी त्यामुळे सरकारवर आली.

ताणाच्या संशोधनात नीतीचा प्रश्न पदोपदी येतो, कारण काही प्रयोगांत ताण मुद्दाम निर्माण करावा लागतो. जर्मनीतील ट्रियर येथे १९९३ मध्ये मांडलेल्या चाचणीत निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे भाषण करावे लागते आणि मग १०२२ मधून १३ वजा करत मोठ्याने मोजावे लागते. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. अशा चाचणीला नैतिकता समितीची मान्यता, समजून दिलेली संमती, मध्येच उठून जाण्याची मुभा आणि शेवटी सर्व खुलासा आवश्यक असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे माहिती सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्यायला सांगतात. इंग्रजी कागदावर घेतलेला घरकामगार बाईचा अंगठा ही संमती नव्हे.

प्रश्नावली साधी असली तरी जागेचा प्रश्न उरतोच. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत सासू समोर मेथी निवडत बसलेली असताना सुनेला ‘घरातल्या कोणत्या गोष्टीचा ताण येतो?’ असे विचारले, तर उत्तर ‘कसलाच नाही’ असे येते, आणि प्रश्नावली भरून घ्यायला आलेली विद्यार्थिनी ते प्रामाणिकपणे ‘नाही’च्या रकान्यात लिहून घेते. गोपनीयता पाळली गेली नाही आणि उत्तरही खरे मिळाले नाही. सराईत संशोधिका तोच प्रश्न सून नळावर एकटी असेल तेव्हासाठी राखून ठेवते.