मस्टँगचा मागचा एक्सल: पाट्यांपासून आयआरएसपर्यंत

फोर्डच्या मस्टँग गाडीचं मागचं सस्पेन्शन बदलायचं म्हटलं की पॅनहार्ड रॉड, टॉर्क आर्म, वॉट्स लिंक अशी नावं अंगावर येतात. 'यातलं सगळ्यात चांगलं कुठलं' हा प्रश्न मला तरी अर्धवट वाटतो. गाडी कुठल्या पिढीची, हे आधी विचारायला हवं, कारण यातला प्रत्येक भाग फोर्डच्या कुठल्या ना कुठल्या तडजोडीवरचा उतारा आहे.

१७ एप्रिल १९६४ला मस्टँग बाजारात आली तेव्हा खालची बरीचशी रचना फाल्कन या साध्या घरगुती गाडीची होती. मागे अखंड एक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र धरणारा एकच कडक दांडा, आणि त्याला दोन पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. आपली अँब्युलन्स झालेली जुनी अ‍ॅम्बॅसडर आठवा, तोच प्रकार. बिचारा पाटा एकटाच तीन कामं करतो: वजन झेलतो, एक्सल जागेवर धरतो आणि इंजिनाचा पीळही सोसतो. आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाचा जोर आला की त्याला इंग्रजी 'एस'सारखा बाक येतो, तो सुटतो, पुन्हा येतो, आणि चाकं रस्त्यावर टणाटण उडू लागतात. १९६५च्या शेल्बी जीटी ३५०ला, म्हणजे मस्टँगच्या शर्यती अवताराला, म्हणूनच एक्सल आवळून धरणारे ट्रॅक्शन बार आणि कोनी कंपनीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर होते. पुढे ४२८ कोब्रा जेट इंजिनाच्या चार गिअरच्या गाड्यांत फोर्डनेच एक शॉक एक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवला.

१९७९च्या फॉक्स पिढीत पाटे गेले, कॉइल स्प्रिंगा आणि एक्सलला बॉडीशी जोडणारे चार आर्म आले. बाहेरून घेऊन बसवायच्या भागांच्या बाजारातली खरी गंमत इथून सुरू होते. खालचे दोन आर्म जवळपास सरळ, वरचे दोन तिरके. एक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणं आणि पीळ सोसणं, ही दोन्ही कामं त्या तिरक्या आर्मकडे. वळणावर गाडी कलली की चारही आर्मना एकमेकांशी न जुळणाऱ्या वाटांनी फिरावं लागतं. तो वितुष्टाचा हिशेब आर्मच्या टोकांतले रबरी बुश दबून, पिळवटून मिटवतात. म्हणजे मऊ बुश ही कंजुषी नव्हती, ती रचनेची गरज होती.

हे न कळल्यामुळे कित्येकांनी पहिली खरेदी केली ती कडक पॉलियुरेथेन बुशांची. बुश स्वस्त, काम एका दुपारचं, आणि सरळ रस्त्यावर गाडी खरंच ताठ वाटते. वळणावर मात्र मागचं सस्पेन्शन आवळतं आणि गाडीची शेपटी न सांगता सुटते. ग्रिग्ज रेसिंग, मॅक्सिमम मोटरस्पोर्ट्स या सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांच्या टॉर्क आर्मचं, म्हणजे एक्सलपासून पुढे जाणाऱ्या लांब दांड्याचं, गमक इथेच आहे: वरचे दोन्ही आर्म काढूनच टाकायचे. पीळ टॉर्क आर्मने घ्यायचा, आडवी ओढ पॅनहार्ड रॉडने. पॅनहार्डचं एक टोक एक्सलला, दुसरं बॉडीला. तो कमानीत फिरतो, म्हणून एक्सल किंचित बाजूला जातोच. तेही नको असेल तर वॉट्स लिंक, म्हणजे मधल्या फिरत्या तुकड्याला जोडलेले दोन दांडे, जे एक्सलला सरळ वर-खाली जाऊ देतात. ही जोडणी जेम्स वॉटने १७८४मध्ये वाफेच्या इंजिनासाठी पेटंट केलेली.

१९९९च्या कोब्राला, म्हणजे मस्टँगच्या जोरदार आवृत्तीला, इंडिपेंडंट रिअर सस्पेन्शन, म्हणजे आयआरएस, मिळालं: मागची दोन्ही चाकं आपापली स्वतंत्र हलतात. ते जुन्या एक्सलच्याच जागी बोल्टने बसेल असं बेतलं होतं. परिणाम मजेशीर झाला. वळणांचे शौकीन कोब्राचं आयआरएस साध्या मस्टँग जीटीला लावू लागले आणि सरळ रेषेत वेगाची शर्यत लावणारे ड्रॅग रेसवाले तेच काढून अखंड एक्सल बसवू लागले.

२००५मध्ये फोर्ड पुन्हा अखंड एक्सलवर आली, पण या वेळी तीन आर्म आणि पॅनहार्ड रॉड कारखान्यातूनच. तिथे टॉर्क आर्मपेक्षा आधी लागतो तो लांबी बदलता येणारा पॅनहार्ड. गाडीची उंची कमी केलेली असेल तर मागे उकिडवं बसून पाहा. एका बाजूचं टायर मडगार्डच्या काठाला आलेलं असतं, दुसरं आत गेलेलं. रॉडची लांबी जुळवली की एक्सल पुन्हा मधोमध येतो.

२०१५पासून सगळ्याच मस्टँगना आयआरएस आहे, भारतात २०१६मध्ये आलेल्या जीटीलाही. चाकं उडण्याची तक्रार मात्र तिथेही आहेच. फक्त आता झोळ एक्सलच्या आर्ममध्ये नसून ज्या सबफ्रेमवर, म्हणजे बॉडीला लावलेल्या वेगळ्या चौकटीवर, सगळं टांगलंय तिच्या मोठ्या रबरी बुशांत असतो. त्यामुळे या गाडीला लोक आधी ती सबफ्रेम जखडणारं किट बसवतात, स्प्रिंगा आणि शॉक नंतर.