‘सामाजिक अंतर’ हा शब्द आणि मराठवाड्यातलं क्षेत्रकार्य

मुंबईत १९३६ साली समाजकार्याचं पद्धतशीर शिक्षण सुरू झालं. मराठवाड्यात त्याचा खरा कस लागला तो ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर. आपत्ती आली की माणसांत जाऊन बसायचं, हे पुढे इथे कुणाला शिकवावं लागलं नाही. मार्च २०२०मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत नेमकं तेच बंद झालं.

त्यातच ‘सोशल डिस्टन्सिंग’चं मराठी झालं ‘सामाजिक अंतर’. समाजकार्याच्या वर्गात हा शब्द जुनाच. जात, वर्ग, धर्म यांवरून माणसं एकमेकांना किती लांब ठेवतात, ते सांगायला तो वापरतात. १९२०च्या दशकात अमेरिकेत त्याची मोजपट्टीही तयार झाली: अमक्या समाजाचा माणूस शेजारी म्हणून चालेल का, सोयरा म्हणून चालेल का? जिथे विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८च्या ठरावानंतरही १९९४ उजाडावं लागलं, त्या मराठवाड्यात जे अंतर मिटवायचं तेच ‘पाळा’ म्हणून फलकांवर आलं. जगभरच्या आरोग्य तज्ज्ञांनी मार्चमध्येच ‘शारीरिक अंतर’ म्हणायला सुरुवात केली होती. आपल्याकडे रेशन दुकानापासून बँकेच्या रांगेपर्यंत पहिलाच शब्द रुळला. शब्दाने काय होतं, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. एप्रिलमध्ये साखर कारखान्यांवर अडकलेले ऊसतोड मजूर बीडकडे परतले, तेव्हा कित्येकांना गावात घेतलं नाही. शेतातच पाल ठोकून दिवस काढावे लागले. विषाणूला सहा फूट पुरत होते.

८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जायला ते पायी निघाले होते. मागे रुळांवर पोळ्या विखुरल्या होत्या.

याच काळात एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं, क्षेत्रकार्य (विद्यार्थ्यांनी लोकांत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम) फोनवर आलं. अहवालात तास भरले, सही झाली. त्याला क्षेत्रकार्य म्हणायचं का, यावर शिक्षकांतही एकमत नव्हतं. परीक्षा अडू नये ही अडचण खरी होती. पण घरात एकच फोन, तो नवऱ्याच्या खिशात; सुनेला मिळाला तरी सासू समोर बसलेली. ती मारहाणीबद्दल काय बोलणार? केसवर्कमध्ये, म्हणजे एकेका व्यक्तीसोबत करायच्या कामात, गोपनीयता पहिल्याच सत्रात शिकवतात.

गावोगावच्या आशाताई (आशा आरोग्यसेविका) मात्र तेव्हाही दारोदार जात होत्या. तोंडाला रुमाल बांधून, उंबऱ्यापासून चार पावलं लांब उभ्या राहून, घरात कुणाला ताप-खोकला आहे का, ते विचारत होत्या.