आकडा आहे, नोंद नाही

गोपाळकाल्याच्या संध्याकाळी मुंबईत एक आकडा फिरू लागतो. जखमी गोविंदा किती, केईएमला किती, नायरला किती, मलमपट्टी करून घरी किती सोडले. खेळताना झालेल्या दुखापती हे शहर मोजतं तो बहुधा वर्षातला एवढाच दिवस. पण कोण कितव्या थरावरून पडला, डोक्याला हेल्मेट होतं का, दिवसभरात एकूण थर किती लागले, हे त्या आकड्यात नसतं. गुरुपौर्णिमेपासून चालणाऱ्या सरावात हात मोडलेला पोरगा तर त्यात येतच नाही.

मोजणी नीट झाली की काय होतं, याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकन फुटबॉलचं, म्हणजे चेंडू हातात घेऊन एकमेकांना धडका देत खेळायच्या खेळाचं आहे. 1905च्या हंगामातल्या मृत्यूंमुळे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना हस्तक्षेप करावा लागला. 1931पासून तिथले प्रशिक्षक दरवर्षी मृत्यूंची नोंद ठेवू लागले. पुढे हेल्मेटं भक्कम झाली आणि खेळाडू डोकंच पुढे करून धडकायला लागले. डोकं वाचलं, मान मोडू लागली. 1975मध्ये डोक्या-मानेच्या दुखापतींची देशव्यापी नोंदवही सुरू झाली, तेव्हा हे कारण स्पष्ट दिसलं. 1976मध्ये डोक्याने धडकण्यावर बंदी आली. त्या वर्षी मानेच्या दुखापतीने हातपाय कायमचे लुळे पडलेले खेळाडू 34 होते, 1984मध्ये 5. नियमातली एक ओळ बदलली, पण ती कोणती बदलायची हे वहीने सांगितलं.

1992मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हाच क्रम शास्त्रात बसवला: आधी दुखापती किती नि केवढ्या ते मोजा, मग कारण शोधा, उपाय करा, आणि पुन्हा मोजा. शेवटची पायरीच बहुतेक ठिकाणी राहून जाते.

क्रिकेटला ही शिस्त उशिरा लागली. 1962मध्ये बार्बाडोसला भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीला चेंडू लागला आणि त्यांची कसोटी कारकीर्द तिथेच संपली. दुखापत कशाला म्हणायचं आणि ती कशी मोजायची, यावर क्रिकेट खेळणाऱ्या देशांतल्या तज्ज्ञांचं एकमत जाहीर व्हायला 2005 उजाडलं.

आपल्याकडे वाद झाला तो उंचीवरून. 2014मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दहीहंडीला 20 फुटांची मर्यादा घातली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 2017मध्ये उच्च न्यायालयाने मर्यादा काढून किमान वयाची अट 14 वर्षांवर ठेवली. 2022मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळ म्हटलं, विम्याचं कवच दिलं. विमा पडल्यानंतर कामाला येतो. कोणत्या उंचीवर धोका किती वाढतो, याचं उत्तर मात्र वर्षानुवर्षांच्या नोंदीतूनच मिळालं असतं.

कबड्डीत तर गोपाळकाल्याएवढीही मोजणी नाही. लालबाग-प्रभादेवीतली मातीवर वाढलेली पोरं मॅटवर आली. पकडीत गुडघा फिरला की क्रेप बँडेज बांधून पुढच्या सामन्याला उभी राहतात. मातीपेक्षा मॅटवर गुडघे जास्त जातात का, यावर मैदानात प्रत्येकाचं ठाम मत आहे. ते तपासायला लागणारी निम्मी माहिती, म्हणजे कोण किती खेळला, सामन्याच्या गुणपत्रिकेत आधीच असते: सात-सात खेळाडू, 20-20 मिनिटांचे दोन डाव, आणि बाद होऊन कोण केव्हा बाहेर बसला. कोणाला काय लागलं आणि तो किती दिवसांनी परत उतरला, एवढे दोनच रकाने त्यात वाढवायचे आहेत.