तासाला १७ वेळा पडणारं पोर

मूल चालायला लागलं की घरातल्या मोठ्यांच्या तोंडात एकच शब्द बसतो, तो म्हणजे "नको". तिकडे जाऊ नको, तोंडात घालू नको, चढू नको. मी पण दिवसभर तेच म्हणायचे, आणि एक दिवस आमची सव्वा वर्षाची मुलगी ड्रॉवरपाशी गेली, माझ्याकडे बघून स्वतःच मान हलवत "नको नको" म्हणाली आणि मग शांतपणे ड्रॉवर उघडला. म्हणजे शब्द पाठ झाला होता, पण त्यातून ती थांबायला काही शिकली नव्हती. तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले, आणि आता माझं मत पक्कं झालंय की मुलाला आवरण्यापेक्षा घर आवरलेलं बरं.

आधी पडण्याबद्दल बोलू, कारण आईबापांचा जीव सगळ्यात जास्त तिथेच वरखाली होतो. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची नुसती मोजदाद केली, मुलं मोकळी खेळत असताना ती किती चालतात आणि किती पडतात. सरासरी निघाली तासाला २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं! आणि पडून रडत बसण्यापेक्षा बहुतेक वेळा उठून परत चालू. मुलं हलकी, बुटकी, जमिनीच्या जवळ, त्यामुळे सपाट जागेवरचं पडणं त्यांना फारसं लागत नाही. चालणं शिकायची फी म्हणा हवं तर.

पण याच अ‍ॅडॉल्फबाईंचं १९९७ चं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी मुलांना कमी-जास्त तिरका करता येणाऱ्या उतारावर सोडलं, शेजारी झेलायला माणूस उभा. रांगायला नुकतीच लागलेली मुलं कितीही उभा उतार असला तरी बिनधास्त पुढे जायची आणि घसरायची. काही आठवडे रांगून झाले की हीच मुलं काठाशी थांबायची, हाताने चाचपायची, फारच उभा असेल तर जायचीच नाहीत. आता वाटेल की चला, शिकली. तर नाही, तीच मुलं उभी राहून चालायला लागली आणि पुन्हा त्याच उतारावरून सरळ खाली! रांगताना कमावलेली समज चालताना कामाला येत नाही, कारण आता डोळे वेगळ्या उंचीवर असतात, तोल वेगळा असतो, हात जमिनीवर नसतात, सगळं गणित नव्याने मांडावं लागतं.

म्हणून "आमचा कधी पलंगाच्या काठाशी जात नाही, त्याला कळतं" असं कोणी म्हटलं की मला काळजी वाटते. रांगताना कळत होतं, पहिली पावलं टाकल्यावर कळेलच असं नाही. जिन्याला खाली आणि वर गेट लावायचं राहिलं असेल तर ते मूल धरून उभं राहायला लागतं तेव्हाच लावून टाका. त्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, ज्या मुलांना उतारावर सारखं आणून सराव दिला आणि ज्यांना दिला नाही ती दोन्ही शेवटी सारखीच निघाली. कामाला आला तो रोजचा, घरातल्या फरशीवरचा अनुभव. म्हणजे क्लास वगैरे काही नको, मोकळी जमीन आणि वेळ पुरे.

आता तुमच्या चेहऱ्याबद्दल. १९८५ मध्ये जेम्स सॉर्स आणि सहकाऱ्यांनी वर्षाच्या मुलांना एका काचेच्या टेबलावर ठेवलं, काचेखाली थोडा खड्डा दिसेल असा. खड्डा धड खोल नाही धड उथळ नाही, त्यामुळे मूल गोंधळून समोरच्या आईकडे बघायचं. आई हसरी असेल तर १९ पैकी १४ मुलं ओलांडून गेली, आईच्या चेहऱ्यावर भीती असेल तर १७ पैकी एकही नाही. इतकी ताकद आहे आपल्या चेहऱ्यात, मग ती चमचा खाली पडला म्हणून कशाला वापरायची? गरम इस्त्रीसाठी राखून ठेवा.

आणि वस्तू आपटणं, फेकणं हा हट्ट नसतो हो. २०१५ मध्ये स्टाल आणि फायगेनसन या संशोधकांनी ११ महिन्यांच्या मुलांना एक भिंतीतून आरपार गेल्यासारखा चेंडू दाखवला, तर मुलांनी तो घेऊन आपटून बघितला, आणि आधाराशिवाय हवेत तरंगल्यासारखी वस्तू दाखवली तर ती खाली टाकून बघितली. जे पटलं नाही तेच नेमकं तपासत होती ती.

पण तपासू द्यायचं म्हणजे सगळंच नाही. मी एकच कसोटी लावते, ही चूक झाल्यावर मुलाला त्यातून शिकायला मिळणार आहे का? टेंगूळ आलं, बोट चिमटलं, चालेल. काही चुकांमध्ये मात्र शिकायची संधीच मिळत नाही, आणि त्या जागा पूर्ण बंदच हव्यात, तिथे "लक्ष ठेवते मी" यावर विसंबायचं नाही.

त्यात माझ्या मते पहिला नंबर बटण सेलचा, म्हणजे बटणासारख्या छोट्या चपट्या बॅटरीचा. रिमोट, वजनकाटा, वाजणारी खेळणी, गाणं म्हणणारी शुभेच्छापत्रं, सगळीकडे असतो. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला की ओल्या पेशींमधून करंट वाहतो, त्याने तिथेच तीव्र अल्कली, म्हणजे कातडी जाळणारा क्षार, तयार होतो आणि दोन तासांत खोल भाजू शकतं. रिमोट चालेनासा झाला म्हणून काढून ठेवलेला सेलही तेवढाच वाईट. गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबायचं नाही, उलटी काढायची नाही, थेट हॉस्पिटल.

दुसरं पाणी. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड, त्यामुळे बादलीत वाकलेलं मूल तोल जाऊन आत पडलं तर स्वतःला बाहेर ओढू शकत नाही, आणि बुडायला पाच सेंटिमीटर पाणी पुरतं. आवाजही होत नाही बरं का. वापरून झाली की बादली उपडी, बाथरूमचं दार बंद.

बाकीचं पटकन सांगते. कपाट आणि टीव्ही भिंतीला स्क्रूने पक्के करा, कारण उघडलेले ड्रॉवर म्हणजे मुलासाठी शिडी. खिडकीजवळ चढता येईल असं काही ठेवू नका. औषधं आणि फिनेल कुलपात. खेळण्यांचे सुटे भाग तपासायला जी नळी वापरतात तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो, त्यात मावेल ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको. आणि चाकांचा वॉकर घेऊच नका, तो मुलाला जिन्यापर्यंत आपण पोचायच्या आत नेतो, कॅनडाने तर २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

एकदा स्वतः गुडघ्यांवर रांगत घरभर फिरून बघा, उभं राहून न दिसलेल्या वायरी, खिळे, पलंगाखालची गोळी, सगळं दिसतं. मी फिरले आणि त्याच दिवशी खालचा ड्रॉवर रिकामा करून मुलीला देऊन टाकला. त्यात आता प्लास्टिकचे डबे, लाकडी चमचा, जाड कापडाचे तुकडे असतात. दोन-तीन दिवसांनी मी गुपचूप एक वस्तू बदलते, आणि उघडल्यावर तिचा हात आधी त्या नव्या वस्तूवरच जातो.