जनुकीय विविधता, गहू व मक्यातील

गावरान वाण, मागे पडलेले सुधारित वाण आणि रानटी भाऊबंद यांचे बी जपणे व त्यांतले उपयोगी गुण नव्या वाणांत उतरवणे. या दोन पिकांसाठीचे सर्वांत मोठे केंद्र म्हणजे मेक्सिको सिटीजवळ एल बातान येथील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्र (सिमिट, स्थापना 1966). तेथील बीजपेढीत गव्हाचे सुमारे दीड लाख आणि मक्याचे 28 हजारांच्या आसपास नमुने आहेत. देवघेवीचे बी शून्याच्या थोडे खाली, दीर्घ मुदतीचे उणे 18 अंश सेल्सिअसला ठेवतात. 2008 पासून दुसरी प्रत नॉर्वेतील स्वालबार्ड बेटांवरच्या बियाण्यांच्या तिजोरीत जाते.

बी गोठवले की काम संपले, असे होत नाही. अधूनमधून उगवण तपासावी लागते आणि ती घसरली की बी शेतात पेरून नव्याने धरावे लागते. गहू स्वपरागी, त्यामुळे तिथे फारसा त्रास नाही. मक्याचा पराग वाऱ्यावर उडतो आणि शेजारचा वाण भेसळतो. म्हणून कणसाला केस फुटण्याआधीच त्यावर कागदी पिशवी चढवतात, तुऱ्यावर दुसरी बांधतात आणि तिच्यात जमलेला पराग हाताने दुसऱ्या झाडाच्या कणसावर झटकतात. एका नमुन्यासाठी अशी शंभरेक झाडे हवीत. मोजक्या झाडांवर भागवले तर त्या वाणातली विरळ जनुके गळून जातात.

खरी कसोटी वापराची. पेढीतले बरेचसे नमुने शेतकऱ्याला फुकट दिले तरी त्याने पेरू नयेत असे असतात. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हार्लन यांनी 1948 मध्ये तुर्कस्तानातून आणलेला एक गहू (अमेरिकी संग्रहातला क्रमांक पीआय 178383) बारीक काडीचा, लोळणारा, कडक थंडीत न टिकणारा आणि पावाला निकामी होता. साहजिकच तो अनेक वर्षे पडून राहिला. 1960 च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य भागात पिवळ्या तांबेऱ्याने, म्हणजे पानांवरच्या एका बुरशीरोगाने, उचल खाल्ली, तेव्हा त्याच गव्हात या रोगाला आणि काणी या दुसऱ्या बुरशीरोगाच्या अनेक प्रकारांनाही प्रतिकार आढळला. पुढे तो तिकडच्या कित्येक वाणांच्या वंशावळीत शिरला.

आपल्याकडचा खपली गहूही असाच परदेशी कामाला आला. महाराष्ट्र-कर्नाटकात तो खिरीसाठी ओळखला जातो. अमेरिकेत मात्र काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी जे बारा वाण लावत, त्यांत ‘खपली’ हे नाव होते. ऑस्ट्रेलियात स्टाइनवेडेल या वाणाशी त्याचा संकर करून ‘खपस्टाइन’ काढण्यात आला. खपलीतून आलेले एसआर13 हे जनुक 1998-99 मध्ये युगांडात सापडलेल्या यूजी99 या घातक तांबेऱ्यालाही दाद देत नाही.

खपलीची गुणसूत्रे 28, पोळी-पावाच्या गव्हाची 42. हा दुसरा गहू काही हजार वर्षांपूर्वी खपलीसारख्या गव्हाचा एजिलोप्स टॉशी या रानगवताशी आपोआप संकर होऊन जन्मला. असे संकर फार थोडे घडले, म्हणून गवताकडून आलेला वाटा तोकडाच राहिला. सिमिटच्या प्रजननकारांनी तोच संकर मुद्दाम पुन्हा घडवला: कोवळा गर्भ काचपात्रात वाढवायचा, कोल्चिसिन या रसायनाने गुणसूत्रे दुप्पट करायची. हाती येणारा ‘कृत्रिम गहू’ कडक तुसाचा, मळायला त्रासदायक असतो. चांगल्या वाणांशी पुन्हापुन्हा संकर केल्यावरच तो माणसाळतो. या टप्प्याला पूर्वप्रजनन म्हणतात. त्यातून थेट वाण निघत नाही, त्यामुळे श्रेय क्वचितच पदरात पडते, पण हा टप्पा गाळला तर पेढी नुसते कोठार ठरते. चीनच्या सिच्वान प्रांतातला च्वानमाय 42 हा वाण (2003) याच वाटेने आला.

विविधता घटली की काय होते, हे मक्याने 1970 मध्ये दाखवले. तुरे खुडण्याची मजुरी वाचावी म्हणून अमेरिकेतले बहुतेक संकरित बियाणे ‘टेक्सास’ या एकाच नरवंध्य (म्हणजे तुऱ्यात कामाचा पराग न येणाऱ्या) पेशीद्रव्यावर तयार होत होते. नेमक्या त्यावर पानांचा करपा तुटून पडला आणि देशाचे सुमारे 15 टक्के पीक गेले.

मक्याचा रानटी पूर्वज तेओसिंते मेक्सिकोत आजही उगवतो. हालिस्को राज्यात 1970 च्या दशकाअखेरीस सापडलेली त्याची एक बहुवर्षायू जात मक्याशी सहज संकरते. अनेक विषाणूरोगांना तिच्यात प्रतिकार आहे. ती पडीक वावरांत, रानातल्या मोकळ्या जागांत वाढते. तिच्यासाठी 1987 मध्ये सिएरा दे मनान्तलान हे राखीव क्षेत्र जाहीर झाले आणि त्या हद्दीत शेतकऱ्यांची गावेही आहेत.