सरकारी आरोग्यसेवा आणि व्यक्तिस्वातंत्र्य (सातारा-सांगली)

आजारी माणसाच्या उपचाराचा भार कोणी उचलायचा, आणि जो तो उचलेल त्याला त्या माणसाच्या राहणीत, शरीरात, घरच्या निर्णयांत किती लक्ष घालता यावे, हा या विषयाचा गाभा आहे. उपचार हा हक्क आहे, तो सरकारने करांच्या पैशातून पुरवावा, असे एक मत. ज्याने त्याने आपले शरीर आणि आपला पैसा सांभाळावा, सरकारने दुसऱ्याच्या खिशात हात घालू नये, असे दुसरे. सातारा आणि सांगली यांची नोंद एकत्र घेण्याचे कारण म्हणजे हा मुळात एकच जिल्हा. 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले. इंग्रज राजवटीविरुद्ध गावोगाव उभे राहिलेले प्रतिसरकार आणि सहकारी साखर कारखाने या दोन्ही गोष्टी या पट्ट्याने पाहिल्या. त्यामुळे ‘सरकार की व्यक्ती’ या प्रश्नात इथे गाव आणि संस्था हे तिसरे माणूस नेहमी मध्ये उभे असते.

या वादाची दोन्ही टोके 1897 या एकाच वर्षात दिसतात. त्या वर्षी 4 फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला. त्याच्या जोरावर पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घराघरांत शिरले, बायकामाणसांची तपासणी झाली, सामानसुमान जाळले गेले. लोकांचा संताप इतका वाढला की 22 जूनला चापेकर बंधूंनी प्लेगच्या कामावरचा इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच प्लेगात, त्याच पुण्याच्या वेशीबाहेर, सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या. रुग्णांना आणता-आणता त्यांनाच लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या लेक. लोक सोजिरांपासून आजारी माणसे लपवत होते, आणि या दवाखान्यात मात्र अशाच माणसांची सेवा होत होती. आरोग्याच्या कामात विश्वास काय करतो आणि जबरदस्ती काय करते, हे समजून घ्यायला यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणार नाही.

आधुनिक उपचारांचे या भागातले सर्वांत मोठे नाव सरकारच्या हाताने उभे राहिले नाही. विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी मिरजेत 1894 मध्ये रुग्णालय सुरू केले. मिरज तेव्हा संस्थानी गाव होते. ‘मिरजेला नेलंय’ एवढे म्हटले की आजार गंभीर आहे हे आजही सांगावे लागत नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 मध्ये आले. त्याआधी 1946 मध्ये सर जोसेफ भोर यांच्या आरोग्य समितीने सांगितले होते की पैसे नाहीत म्हणून कोणाचेही उपचार अडू नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्याच अहवालातली. सपाटीला 30,000 लोकसंख्येमागे एक केंद्र आणि डोंगराळ भागात 20,000 मागे एक, हे आजचे प्रमाण. पाटण-जावळीच्या डोंगरात 20,000 माणसे किती वाड्यावस्त्यांवर विखुरलेली असतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे प्रमाण कागदावरच पुरेसे का वाटते ते कळेल.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 47 ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्यावर कोर्टात जाता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1996 मध्ये पश्चिम बंगालमधील शेतमजूर संघटनेच्या खटल्यात सांगितले की सरकारी दवाखान्याने तातडीच्या रुग्णाला वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद 21 चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे. ज्या अनुच्छेद 21 मध्ये व्यक्तिस्वातंत्र्य आहे, त्यातच उपचारही आहेत. हे दोन शब्द एकमेकांचे वैरी आहेत असे आपल्या घटनेने मानलेले नाही, आणि या नोंदीचेही तेच मत आहे.

आजची मुख्य योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि 2017 मध्ये तिला आजचे नाव मिळाले. फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. सुरुवातीला पिवळ्या आणि केशरी कार्डाच्या कुटुंबांना वर्षाला दीड लाखापर्यंत संरक्षण होते. 2023 च्या निर्णयाने ते सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी 5 लाखांपर्यंत नेले गेले.

ही योजना प्रत्यक्षात कशी चालते हे पाहायचे तर रुग्णालयाच्या दारात योजनेचे कागद पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी उभे राहावे. जतच्या किंवा आटपाडीच्या बाजूचा कोणी बापाला घेऊन आलेला असतो. रात्री छातीत कळ आली, गावच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून ‘थांबू नका, मिरज गाठा’ म्हणून चिठ्ठी दिली. बाप आत स्ट्रेचरवर, मुलगा बाहेर प्लास्टिकच्या पिशवीत कागद चाळतोय. रेशनकार्ड घरी राहिले, त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवला. आधारवर नाव एक, कार्डावर दुसरे. सुनेला दाखवायचे असेल तर तिचे नाव अजून माहेरच्याच कार्डावर. मग तहसीलच्या पुरवठा शाखेत हेलपाटा. तातडीच्या रुग्णाला फोनवरून तात्पुरती मंजुरी घेता येते, हे त्या मुलाला कोणी सांगितलेले नसते. आरोग्यमित्राने सांगितले की त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. त्या क्षणापर्यंत तो मनात म्हैस विकत होता, सोनारापाशी जात होता, चुलत्यापुढे हात पसरत होता.

हाच मुद्दा स्वातंत्र्याच्या चर्चेत बहुतेक वेळा निसटतो. सावकाराकडून शेकडा पाचाने उचललेल्या पैशावर झालेली अँजिओप्लास्टी ही ‘स्वतःची निवड’ असते का? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे 2013-14 मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी 64.2 टक्के लोक थेट खिशातून भरत होते. 2021-22 मध्ये हा वाटा 39.4 टक्क्यांवर आला. उतार मोठा आहे, तरी शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये तेव्हाही आजाऱ्याच्याच कनवटीचे होते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सारे मोफत आहे. मात्र ‘हे बाहेरून आणा’ ही चिठ्ठी हातात पडली की मोफत हा शब्द मेडिकलच्या काउंटरवर संपतो. सरकारी आरोग्यसेवेला विरोध करणारे इथेच बोट ठेवतात आणि ते चुकीचे नाही.

विरोधी मताचा गाभा त्याहून खोल आहे. मोफत म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने. ज्याचा पैसा त्याची हुकूमत चालणार, म्हणून उपचार सरकारच्या हाती दिले की आज औषध, उद्या काय खावे, परवा किती मुले व्हावीत, असे नियम येतील, ही भीती. या वादाचे सर्वांत गाजलेले रणांगण अमेरिका. तिथे मार्च 2010 मध्ये झालेल्या कायद्याने प्रत्येकाला आरोग्य विमा घेणे बंधनकारक केले, न घेणाऱ्याला दंड. सरकार नागरिकाला एखादी वस्तू विकत घ्यायला लावू शकते का, असा प्रश्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. जून 2012 मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो दंड ‘कर’ म्हणून वैध ठरवला. पुढे 2019 पासून दंडाची रक्कम शून्यावर आणली गेली. ब्रिटनने 5 जुलै 1948 पासून करांतून चालणारी सेवा उभारली, तिथे तक्रार सक्तीची नसून रांगेची असते. आपल्याकडे हा अमेरिकी वाद जसाच्या तसा लावता येत नाही. प्रत्येक नागरिकाने विमा घ्यावा अशी सक्ती इथे कोणी केलेली नाही, आणि योजनेचे कार्ड असूनही स्वतःच्या खर्चाने हव्या त्या डॉक्टरकडे जायला कोणी अडवत नाही.

शरीरावरच्या सक्तीची भीती मात्र आपल्याकडे अगदी खरी आहे. आणीबाणीत 1976 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. त्या काळात शिक्षक-तलाठ्यांना ‘केसेस’ आणण्याचे कोटे होते. सरकारी गाडी दिसली की पुरुष उसात जाऊन बसायचे, असे म्हातारी माणसे सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये नसबंदी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला, त्यामागे अशाच शिबिरांचा इतिहास होता.

सातारा जिल्हा परिषदेने 2007 मध्ये कुटुंबनियोजनाच्या याच कामाला अगदी वेगळा हात घातला. नवविवाहित जोडप्याने पहिले मूल दोन वर्षे लांबवले तर 5,000 रुपये आणि तीन वर्षे लांबवले तर 7,500 रुपये. ही योजना ‘हनीमून पॅकेज’ म्हणून ओळखली गेली आणि परदेशी वर्तमानपत्रांनीही तिची दखल घेतली. पैसे देऊन निर्णय वळवणे हीदेखील एक ढकलच आहे, असा आक्षेप घेता येतो. पण इथे घरी येऊन बोलणारी नर्सबाई होती, आणि नाही म्हणण्याची मुभा होती. नव्या सुनेवर वर्षाच्या आत पाळणा हलवण्याचा दबाव सासरचा असतो, सरकारचा नव्हे. त्या दबावापुढे तिला बोलायला एक निमित्त मिळाले. व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर घरही गदा आणते, ही गोष्ट या विषयावर लिहिणारे बहुतेक जण विसरतात.

साथ आली की गणित बदलते, कारण माझ्या निवडीची किंमत शेजारी मोजतो. मार्च 2020 च्या अखेरीस इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या एका कुटुंबापासून कोरोनाची साखळी सुरू झाली आणि दोन डझनांहून अधिक जण बाधित झाले. परिसर सील झाला, घरोघर तपासणी झाली, संपर्कातले सगळे विलगीकरणात गेले. कायदा तोच, 1897 चा. पण बाधितांना मिरजेच्या शासकीय रुग्णालयात नेऊन बरे करून एप्रिलमध्ये घरी आणून सोडले गेले. साखळी तुटली. तरीही त्या कुटुंबाला समाजमाध्यमांवर जे ऐकावे लागले, ते कोणत्याही सरकारी नियमापेक्षा क्रूर होते. लशीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 रोजी सीमारेषा आखली: कोणालाही लस टोचून घ्यायला भाग पाडता येणार नाही, मात्र समूहाच्या आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालता येतील. त्याच साथीत राज्याने खासगी रुग्णालयांच्या 80 टक्के खाटांचे दर ठरवून दिले, व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागासाठी दिवसाला 9,000 रुपये. डॉक्टरांनी याला व्यवसायस्वातंत्र्यावरचा घाला म्हटले. त्यांच्या बाजूनेही बोलायला जागा आहे, पण प्राणवायूसाठी तडफडणाऱ्या माणसाला घासाघीस करता येत नाही.

राहिला वैयक्तिक जबाबदारीचा मुद्दा. तळहातावर तंबाखू-चुना मळणाऱ्याच्या तोंडाच्या कर्करोगाचा खर्च इतरांनी का द्यावा, असे गावच्या पारावरही विचारले जाते. गुटख्यावर राज्याने 2012 पासून बंदी घातली, तरी पुड्या मिळतात. सवयीची जबाबदारी माणसाची आहेच, ती नाकारू नये. पण ती मागण्याआधी त्याच्या हाती निवड किती आहे तेही पाहावे लागते. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की कृष्णा-वारणेच्या काठी बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या पालांच्या वस्त्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी, आणि उचल आधीच घेतलेली. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या त्रासातून सुटण्यासाठी तरुण बायका गर्भाशय काढून घेतात असे समोर आल्यावर 2019 मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. संमतीपत्रावर अंगठा त्या बाईचाच होता. तिच्याकडे रेशनकार्ड असेल तर फुले योजना सांगली-साताऱ्यातही चालते, कारण ती राज्यभर लागू आहे. पण ते दाखवायला दवाखान्यात जायचे म्हणजे पहाटेची मोळी सोडायची, आणि मुकादमाच्या वहीत त्या दिवसापुढे खाडा लागतो.