गोदामाच्या फाटकातला चेहरा

सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या मामांचं हळदीचं गोदाम आहे. दोन वर्षांपूर्वी एका रात्री तिथून नऊ पोती हळद गेली. आवारात आठ कॅमेरे होते आणि आठही चालू होते. सकाळी रेकॉर्डिंग लावलं. फाटकातून आत येणारा माणूस म्हणजे नुसता करडा फराटा. तोच माणूस शटरपाशी आला, तर तोंडाच्या जागी पांढरा डाग. मामा स्क्रीनला नाक लावून बसले होते. म्हणाले, "अरं, माणूस दिसतोय, पोतं दिसतंय, टेम्पोपण दिसतोय. फक्त कोण ते कळंना."

कॅमेऱ्याच्या खोक्यावर ८ मेगापिक्सेल असं ठळक छापलेलं होतं. मामांनी पैसे त्या आकड्याचेच मोजले होते. तेव्हापासून कुणी दुकानदार किंवा कारखानदार 'किती मेगापिक्सेलचा घेऊ?' असं विचारू लागला की मी आधी विचारतो, त्या कॅमेऱ्यातून तुम्हाला नेमकं काय कळायला हवंय? आवारात कुणी शिरलंय एवढंच, की आलेला माणूस आपला हमालच आहे हे, की पूर्वी कधीही न पाहिलेल्या माणसाचा चेहरा?

या तीन गोष्टींना लागणारे पिक्सेल, म्हणजे चित्रातले ठिपके, फार वेगवेगळे आहेत. सुरक्षा कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४च्या आवृत्तीत त्याचं माप दिलेलं आहे आणि ते मीटरमागे मोजतात. कुणीतरी आहे एवढं समजायला एका मीटर रुंदीत २५ पिक्सेल पुरतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात. अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायला २५०. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंटीमीटर रुंद असतो. म्हणजे पहिल्या पातळीवर अख्ख्या चेहऱ्याच्या वाट्याला ४ पिक्सेल येतात आणि शेवटच्या पातळीवर ४०.

आता मामांच्या फाटकाचा हिशेब करू. कॅमेरा गोदामाच्या भिंतीवर, फाटक तिथून १२ मीटरवर. या कॅमेऱ्यांत सर्रास येणारा सेन्सर, म्हणजे भिंगामागचा प्रकाश टिपणारा तुकडा, सुमारे साडेपाच मिलिमीटर रुंद असतो. चित्रात किती रुंदी मावेल हे काढायचं तर अंतराला साडेपाचने गुणायचं आणि भिंगाच्या मिलिमीटरने भागायचं. मामांच्या कॅमेऱ्याला २.८ मिलिमीटरचं भिंग होतं. म्हणजे फाटकापाशी जवळजवळ २४ मीटरची रुंदी चित्रात येत होती. शेजारच्या अडत्याची भिंत, रस्ता, लिंबाचं झाड, सगळं. ८ मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे ३,८४० पिक्सेल असतात. ते २४ मीटरवर पसरले की मीटरमागे १६० उरतात. रुंद भिंगाचं चित्र कडांना वाकतं आणि त्यात आणखी जागा मावते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

त्याच भिंतीवर २ मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा लावला आणि भिंग १२ मिलिमीटरचं घेतलं तर? चित्रात साडेपाच मीटर येतात, म्हणजे जेमतेम फाटक. १,९२० पिक्सेल साडेपाच मीटरवर वाटले की मीटरमागे ३५०. चेहऱ्याच्या वाट्याला ५६. मेगापिक्सेल आधीच्या पाव, पण चेहऱ्यावर दुपटीहून जास्त तपशील. वायरमन 'एकाच कॅमेऱ्यात सगळं आवार दाखवतो' म्हणतो तेव्हा ग्राहकाला बरं वाटतं, आणि नुकसान तिथेच सुरू होतं. आवाराचा आढावा घ्यायला एक रुंद कॅमेरा जरूर लावा. पण प्रत्येक माणसाला जिथून जावंच लागतं अशी एक चिंचोळी जागा शोधा, आणि तिथे अरुंद नजरेचा दुसरा कॅमेरा लावा.

ही झाली दिवसाची गोष्ट. चोरी रात्री झाली.

त्याच साडेपाच मिलिमीटरच्या सेन्सरवर २ मेगापिक्सेल बसवले तर एका पिक्सेलची बाजू २.९ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या २.९ पट, येते. ८ मेगापिक्सेल बसवले तर १.४५ मायक्रॉन. बाजू निम्मी म्हणजे क्षेत्रफळ पाव, आणि प्रत्येक पिक्सेलला मिळणारा प्रकाशही पाव. उजेड कमी पडला की कॅमेरा आपलं शटर, म्हणजे प्रकाश आत घेणारी झडप, जास्त वेळ उघडं ठेवतो, बऱ्याचदा सेकंदाच्या २५व्या भागाइतकं. माणूस भराभर चालताना सेकंदाला दीड मीटर जातो. त्या २५व्या भागात तो ६ सेंटीमीटर पुढे सरकलेला असतो, म्हणजे चेहऱ्याच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. फाटकातला फराटा तो हाच. मग पिक्सेल कितीही असोत, सगळ्यांत तोच सारवलेला चेहरा येणार. ताशी ३० किलोमीटरने जाणारी मोटारसायकल तेवढ्याच वेळात ३३ सेंटीमीटर सरकते. नंबरप्लेट वाचायची तर शटर सेकंदाच्या ५००व्या भागाच्या आसपास आणावं लागतं, आणि त्याला पुरेसा उजेड द्यावा लागतो.

गोदामाच्या शटरपाशी दिसलेला पांढरा डाग मात्र उजेड जास्त झाल्याचा. रात्री कॅमेऱ्यात टक् असा बारीक आवाज येतो. इन्फ्रारेड, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश, अडवणारी काच बाजूला सरकल्याचा तो आवाज. भोवतीचे छोटे एलईडी साधारण ८५० नॅनोमीटरचा प्रकाश टाकू लागतात. आपल्याला तो नीट दिसत नाही, अंधारात एलईडी पाहिले तर किंचित तांबूस चमकतात. मागचं अंगण काळंकुट्ट, म्हणून कॅमेरा चित्र उजळ करायला एक्स्पोजर वाढवत नेतो. आणि प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाने बदलते, त्यामुळे २ मीटरवरच्या माणसावर १० मीटरवरच्या माणसाच्या २५ पट प्रकाश पडतो. चेहरा जळून पांढरा होतो. कपड्यांच्या रंगाचीही अशीच फसगत होते. पुष्कळ कापडांचे रंग इन्फ्रारेड सारखंच परावर्तित करतात, त्यामुळे काळा शर्ट चित्रात फिकट करडा दिसतो. पोलिसांना शर्टाचा रंग सांगण्यापूर्वी हे लक्षात ठेवावं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की कॅमेऱ्यावरचे पैसे वाचवून फाटकावर रात्रभर जळणारा पांढरा एलईडी दिवा लावावा. दिवा कॅमेऱ्यापासून चार हात लांब हवा. दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि भिंगासमोरचं जाळं रात्री पांढऱ्या पडद्यासारखं उजळतं. हळदीच्या गोदामात आणखी एक त्रास असतो. तिथली पिवळी भुकटी पारदर्शक वाटीच्या डोमवर बसते, एलईडीचा प्रकाश तिच्यावरून उलटा भिंगात शिरतो आणि चित्र धुक्यात गेल्यासारखं होतं. तिथे नळीच्या आकाराचा बुलेट कॅमेरा बरा. आणि उंचीचा मोह नको. चार मीटरवर टांगलेल्या कॅमेऱ्याला जवळच्या माणसाची टोपीच दिसते. चेहऱ्यासाठी अडीच-तीन मीटर पुष्कळ झालं.

पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानात दुपारी चारला गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याची काळी सावली दिसते. त्यासाठी डब्ल्यूडीआर (वाइड डायनॅमिक रेंज) हवं, खऱ्या दर्जाचं, १२० डेसिबल किंवा जास्त. कॅमेरा एक उजळ आणि एक गडद अशी चित्रं घेऊन ती जोडतो. १२० डेसिबल म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत अंधाऱ्या भागात दहा लाख पटींचा फरक सांभाळण्याची क्षमता.

साठवणीचं गणित तोंडी जमतं. व्हिडिओ आवळून साठवण्याच्या एच.२६५ पद्धतीने २ मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला सुमारे २ मेगाबिट घेतो, म्हणजे दिवसाला २१.६ जीबी. आठ कॅमेरे, तीस दिवस, ५ टीबीहून थोडं जास्त. रात्रीच्या अंधारात चित्रात मुंग्या येतात, त्या मुंग्यांना यंत्र हालचाल समजतं आणि जागा आणखी खातं. चांगल्या उजेडाचा इथेही फायदाच. आणि रेकॉर्डर माळ्यावर ठेवा. २०१९च्या ऑगस्टमधला महापूर पाहिलेल्या सांगलीकराला त्याचं कारण सांगावं लागत नाही.

रेकॉर्डरच्या घड्याळाकडे मात्र कुणी पाहत नाही, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, यावर वाद होता, आणि पुराव्यात होतं निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण. २०२०च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की मूळ उपकरण हजर केलं नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागणारच. आज ती तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३मध्ये आहे. मामांच्या रेकॉर्डरचं घड्याळ चोरीच्या रात्री २३ मिनिटं पुढे होतं. रेकॉर्डरला इंटरनेटवरून वेळ जुळवायला लावणं हे दोन मिनिटांचं काम आहे.

त्याच बैठकीत पासवर्डही बदला. २०१६मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले ठरावीक पासवर्ड वापरून जगभरातले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या. भारतात एप्रिल २०२५पासून नव्या कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे. खरेदी करताना ते प्रमाणपत्र मागा.

मामांनी नव्याने कॅमेरे लावून घेतले, तेव्हा पैसे चुकते करण्याआधी आम्ही एक रात्र चाचणीला दिली. अकरा वाजता यार्ड सामसूम झाल्यावर मामा फाटकातून नेहमीच्या चालीने आत आले, पुन्हा बाहेर गेले, मग डोक्यावर पोतं घेऊन आले. मी माळ्यावर चित्र थांबवून बघत होतो. तिसऱ्या फेरीला त्यांच्या चष्म्याची काडी आणि कपाळावरची जुनी खोक स्पष्ट दिसली, तेव्हा वायरमनच्या हातात चेक दिला.

आता दर शनिवारी हमाल पोती लावून झाली की बांबूला मऊ कुंचला बांधून भिंगासमोरची जाळी काढतात. मंगळवारपर्यंत कोळी परत आलेला असतो.